दोन दारांची गाडी

शैलेंद्र टिपणीसने ती गाडी घेतली तेव्हा शारजातल्या अख्ख्या अल मजाजमध्ये त्याला वेड्यात न काढणारा माणूस एकच होता, तो म्हणजे स्वतः शैलेंद्र. तशी गाडी देखणी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. गडद निळा रंग, लांबलचक बॉनेट, मागचा भाग आखूड, आणि चावी फिरवली की पोटातून येणारी ती घरघर. अमेरिकन मसल कार. कंपनीचं नाव इथे घेत नाही, फुकटची जाहिरात कशाला करायची? पण त्या गाडीचं कौतुक आणि त्या गाडीची रड, दोन्ही सांगायचं तर आधी शैलेंद्रचं सांगायला हवं.

माणूस नौपाड्यातला, ठाण्याचा. वय बेचाळीस. राहायला शारजा, नोकरी दुबईत, काम एस्टिमेशनचं. म्हणजे नकाशा पसरायचा आणि सांगायचं की या इमारतीला सळई किती लागेल, दारं-खिडक्या किती लागतील. या कामात त्याचा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं. पण दोन हजार आठ संपता संपता मंदी आली आणि मोजायला काही उरलंच नाही. क्रेन होत्या तिथे थांबल्या. सकाळी ऑफिसात गेलं की आणखी एक टेबल साफ झालेलं असायचं, आणि त्या टेबलावरचा माणूस गेला कुठे हे विचारायची सोय नव्हती.

शैलेंद्रची नोकरी टिकली, पण घरभाड्याचा आणि शाळेचा भत्ता गेला. मग इथे सगळे जे करतात तेच त्याने केलं. शाळेचं वर्ष संपल्यावर बायको मृणालिनी आणि मुलगा तन्मय यांना ठाण्याला पाठवलं, इथला तळ्याकाठचा फ्लॅट सोडला आणि मागच्या गल्लीत एका खोलीचा स्टुडिओ घेतला. ‘‘वर्षभराचा प्रश्न आहे, इन्शाल्ला,’’ तो मृणालिनीला म्हणाला. जाताना तिने कुकर बॅगेत भरला. वर्षभरासाठी परत जाणारी बाई कुकर नेत नाही, पण हे त्याला विमान उडाल्यावर सुचलं.

त्या खोलीत संध्याकाळी शिरलं की एसीचा आवाज आणि आपण. टीव्ही लावला तरी माणूस एकटा तो एकटाच. शैलेंद्रला ते सहन होत नव्हतं, अगदी स्पष्ट सांगायचं तर घर खायला उठायचं. त्याला तगवलं ते लिफ्टने.

लिफ्ट म्हणजे इमारतीतली नव्हे. शारजात राहून दुबईत नोकरी करणाऱ्यांची ही रीतच आहे. गाडी एकाची, बाकीचे त्यात बसतात, पेट्रोल आळीपाळीने भरतात. शैलेंद्रच्या जुन्या पांढऱ्या कोरोलात त्याच्याशिवाय तिघं असायची. पुढच्या सीटवर वासंतीताई, दुबईत करामातल्या एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसणाऱ्या, पन्नाशी कधीच ओलांडलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या. त्यांचे गुडघे दुखायचे म्हणून पुढची जागा त्यांची, हा कायदा. मागे कॅस्मिर, वसईचा, एका हॉटेलच्या परचेसमध्ये, उंच आणि आडमाप. त्याच्या शेजारी वैभवी, देराच्या एका बँकेत नवी लागलेली पुण्याची मुलगी, जी शारजा संपेपर्यंत झोपायची आणि इत्तिहाद रोडच्या ट्रॅफिकमध्ये उठून काजळ घालायची.

आणि ट्रॅफिक म्हणजे काय सांगावं. गाडी मुंगीच्या पावलाने जायची, पण शैलेंद्रला त्याचं काही वाटायचं नाही. ताई आणि कॅस्मिर रोज भांडायचे. सुके बोंबील आधी भाजायचे की आधी भिजवायचे, यावर दोघांनी एक आख्खा रमजान काढला होता. डबे ऑफिसला पोचण्याआधी उघडले जायचे. कोणी मॅनेजरला शिव्या घालायचं, कोणी घरचं रडगाणं सांगायचं. दिवसभर हिंदी-इंग्रजीत ‘येस सर, नो सर’ करणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत ‘अरे गप बस’ म्हणणारी एवढीच माणसं होती. शैलेंद्र स्वतः फारसा बोलायचा नाही. तो ऐकायचा आणि त्यावर त्याचा दिवस निघायचा. पण हे त्याने त्यांना कधी सांगितलं? छे. असलं काही सांगायचं असतं हेच आपल्याकडे कोणाला माहीत नसतं.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांत कोणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना येते. लिफ्ट द्यायचा कंटाळा आला तर ‘उद्यापासून येऊ नका’ असं कोणी म्हणत नाही. जीभच रेटत नाही. मग शिफ्ट बदलली म्हणायचं, ऑफिस लांब गेलं म्हणायचं. समोरचाही खोदून विचारत नाही. ‘हो का, बरं झालं,’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी बसच्या रांगेत उभा राहतो. दोघांनाही खरं काय ते ठाऊक असतं आणि दोघंही सणावारी गोडधोडाचा डबा पोचवत राहतात.

दोन हजार दहाच्या सुरुवातीला कोरोलाने मान टाकली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून आत नुसतं बघितलं आणि ‘खलास’ म्हणाला. दुसरी गाडी घ्यायला शैलेंद्र अबू शगाराला गेला, जुन्या गाड्यांच्या बाजारात. मनात साधीच गाडी होती, चार दारांची, पांढरी, पुन्हा कोरोलाच. पण तिथे दौलत भेटला. उल्हासनगरचा सिंधी, मराठी फर्डं बोलायचा. त्याच्या दुकानापुढे, सगळ्या मरतुकड्या गाड्यांच्या मधोमध, ही निळी उभी होती. मालक कोणी गोरा होता, मंदीत देश सोडून गेलेला.

‘‘साहेब, फार विचार करू नका,’’ दौलत म्हणाला. ‘‘अमेरिकेत ही साध्या माणसाची गाडी. कॉलेजची पोरं घेतात, नर्सा घेतात. शेखांची नाही ही. बत्तीस हजार दिरहम.’’

‘‘म्हणजे चार लाख रुपये,’’ शैलेंद्र मोठ्याने म्हणाला. चार लाखात ठाण्याला काय येतं? आणि शेजारची जुनाट कॅमरी याच्याहून महाग होती.

आता तो का भाळला ते ऐका. तन्मय तेरा वर्षांचा झाला होता. शुक्रवारी फोन लावला की त्याची उत्तरं ठरलेली. ‘‘फाइन.’’ ‘‘ओके.’’ ‘‘नथिंग मच.’’ बापाने मराठीत विचारायचं आणि मुलाने इंग्रजीत दार लावून घ्यायचं. फक्त गाड्यांचा विषय निघाला की पोरगा उघडायचा, आणि त्यातही असल्या गाड्यांचा, ज्यांची चित्रं त्याच्या कंप्युटरवर असायची. शैलेंद्रला वाटलं, ही घेतली की पोरगं बोलेल. सुट्टीत येईल, शेजारी बसेल.

राहिला लिफ्टचा प्रश्न. त्याचा त्याने विचार केला नाही असं अजिबात नाही. एस्टिमेशनवाला माणूस तो. त्याने खिडकीतून डोकावून सीटबेल्टचे पट्टे मोजले. पुढे दोन, मागे दोन. चार पट्टे म्हणजे चार माणसं, बसलं गणित. मागच्या सीटवर स्वतः बसून बघावं हे काही त्याला सुचलं नाही.

त्या संध्याकाळी त्याने ठाण्याला फोन लावला.

‘‘इज इट द व्ही-एट?’’ तन्मयने विचारलं. आवाजात जान होती.

‘‘नाही रे, व्ही-सिक्स, त्याच्या खालचं इंजिन. पण आवाज ऐक तू.’’ आणि शैलेंद्रने पार्किंगमध्ये उभं राहून मोबाईल इंजिनाजवळ धरला.

‘‘ओह,’’ तन्मय म्हणाला. ‘‘ओके. कूल.’’

मग फोन मृणालिनीने घेतला. ‘‘दोन दारांची? मग आम्ही आलो की बसायचं कसं?’’

‘‘तुम्ही याल तेव्हा बघू.’’

‘‘हो,’’ ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं खाली आली. वैभवीने शीळ घातली. कॅस्मिरने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ‘‘टिपणीस, माझे पाय कुठे ठेवू? डिकीत?’’ सगळे हसले. शैलेंद्र सगळ्यात जास्त हसला. मग पुढची सीट वाकवून वैभवी आत सरपटली, तिच्यामागून कॅस्मिर. त्याचं डोकं मागच्या काचेला टेकत होतं, म्हणून तो दुबईपर्यंत मान खाली घालून बसला, चर्चमध्ये मिस्साला बसल्यासारखा. शेवटी वासंतीताई. सीट इतकी खाली की त्या बसल्या नाहीत, पडल्याच.

आणि उतरताना खरी गंमत. देरात वैभवी आधी उतरायची. ती मागे. तिला बाहेर काढायचं तर आधी ताईंनी उतरायला हवं, कारण शैलेंद्रच्या बाजूने अंगावर गाड्या यायच्या. म्हणजे मागे हॉर्न वाजतायत, ताई गुडघ्यावर हात देऊन उठतायत, वैभवी ‘सॉरी ताई, सॉरी ताई’ करत बाहेर येतेय, ताई पुन्हा बसतायत. रोज. मागच्या खिडक्या उघडायच्याच नाहीत. तिथे एसी पोचेपर्यंत करामा यायचं. ब्रेक लागला की कॅस्मिरचे गुडघे ताईंच्या पाठीत. बोंबलांचा विषय कोणी काढेना, कारण मागचं पुढे ऐकू येईना. त्या इंजिनाचा आवाज होता ना.

शैलेंद्रने काय नाही केलं? ताईंसाठी उंच उशी आणली, आपली सीट पुढे ओढून स्टिअरिंगला पोट लावून चालवू लागला. त्याला वाटत होतं, सवय होईल.

सवय झाली नाही. आधी वैभवी म्हणाली की बँकेची बस सुरू झालीय. मग कॅस्मिरची ड्यूटी बदलली. वासंतीताई मात्र येत राहिल्या, आणि दोघंच असले तरी शैलेंद्रला बरं वाटायचं. एका सकाळी क्लिनिकपुढे उतरताना त्यांचा गुडघा अडकला आणि त्या फुटपाथवर धपकन पडल्या. शैलेंद्र धावला, त्याने हात दिला. बाहेर पेशंट उभे होते, ते बघत होते. ताईंनी कपडे झटकले. ‘‘काही नाही रे, लागलं नाही,’’ म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला की क्लिनिकची वेळ बदललीय, उद्यापासून थांबू नकोस.

‘‘हो का,’’ शैलेंद्र म्हणाला. ‘‘बरं झालं.’’

दुसरं काही बोलता आलं असतं. ‘ताई, जाऊ नका, मी गाडी बदलतो’ एवढंच. ते त्याच्या घशापर्यंत आलं होतं. पण त्याला वाटलं, त्यांना त्रास होतोय, आपण कोण अडवणारे? फोन ठेवल्यावर तो दौलतकडे गेला, गाडी परत घेतोस का विचारायला. दौलतने अर्ध्याहून कमी भाव सांगितला. ‘‘हबीबी, मार्केट बसलंय. दोन दारांची गाडी आत्ता कोण घेतो? फॅमिलीवाला बघतसुद्धा नाही.’’ अंगावर बँकेचं कर्ज होतं. गाडी राहिली.

आता खरं तेही सांगायला हवं. गाडी चांगली होती. शुक्रवारी तो तिला घेऊन एकटाच पूर्वेच्या किनाऱ्यावरच्या खोर फक्कानकडे निघायचा. डोंगरातला रस्ता मोकळा, इंजिन गाऊ लागायचं, पायाखाली एवढी ताकद की ठाण्याच्या टिपणीसांत सात पिढ्यांत कोणाला मिळाली नसेल. पेट्रोल पंपावरचे लोक विचारायचे, साहेब, किती पळते? तेवढा वेळ त्याला फार बरं वाटायचं. मग समुद्र यायचा, बंदरातले कंटेनर दिसायचे. गाडी उभी करून तो चहा घ्यायचा, आणि ‘काय मस्त पळाली’ हे सांगायला शेजारी कोणी नसायचं. एकदा त्याने चहावाल्यालाच सांगितलं. चहावाला मल्याळी होता, त्याने सुटे मागितले.

पुढे वर्षभराने कॅस्मिरने सात सीटची गाडी घेतली आणि सगळी परत एकत्र आली. वैभवी आली, ताई आल्या, आणखी चौघं आली. हे शैलेंद्रला कोणी सांगितलं नाही. त्याने ते पाहिलं, इत्तिहाद रोडवर, बाजूच्या लेनमध्ये. त्याची गाडी बसकी, त्यांची उंच. ताई मागे वळून काहीतरी सांगत होत्या आणि आख्खी गाडी हसत होती. कॅस्मिरचं लक्ष गेलं, त्याने हात हलवला. शैलेंद्रनेही हलवला. ट्रॅफिक अडलेलं, दोन्ही गाड्या तशाच शेजारी शेजारी उभ्या. पुन्हा पुन्हा किती हात हलवणार? त्याने रेडिओशी खेळल्यासारखं केलं. त्याला रडू आलं. डोळ्यांत पाणी वगैरे नव्हे, चांगलं रडू आलं, आणि काचा काळ्या असल्याबद्दल त्याने त्या गोऱ्या मालकाचे आभार मानले.

‘काय चुकलं आपलं?’ हा प्रश्न तो स्वतःला विचारायचा. गाडी गैरसोयीची, हे उत्तर होतंच. पण त्यांची आता सोयीची गाडी आली, तिच्यात एक जागा आपल्याला का नाही? आपण नकोसे झालो, एवढंच त्याला त्यातून समजलं. त्या दोन वर्षांत तो ठाण्याला दोनदा जाऊन आला. तन्मय त्याच्याहून उंच झाला होता. मृणालिनीला शाळेत नोकरी लागली होती, आणि दुबईचा विषय आता घरात कोणी काढत नव्हतं.

दोन हजार बारामध्ये वासंतीताई साठीच्या झाल्या. क्लिनिकने व्हिसा वाढवला नाही. त्या कायमच्या डोंबिवलीला, बहिणीकडे निघाल्या. करामाच्या एका खाणावळीत शुक्रवारी दुपारी निरोपाचं जेवण ठरलं आणि कॅस्मिरने शैलेंद्रलाही आठवणीने फोन केला. म्हणाला, ‘‘ये रे. ताईंची सीट तर आता रिकामीच होणार.’’

सीट रिकामी होणार. शैलेंद्रच्या डोक्यात तेवढंच राहिलं. या वेळी लाज सोडायची, त्याने ठरवलं. गाडी राहू दे पार्किंगमध्ये धूळ खात. शारजापासून करामापर्यंत तो एकटाच मोठमोठ्याने म्हणत होता, ‘‘कॅस्मिर, ताईंच्या जागी मी येऊ का?’’ एकदा हसत, एकदा सहज, एकदा जरा रागावून. शेवटी साधंच म्हणायचं ठरलं.

खाणावळीत गर्दी होती. सुरमई आली, सोलकढीचा जग आला. ताईंनी नवी साडी नेसली होती. वैभवी त्यांच्या दंडाला धरून बसली होती आणि अधूनमधून नाक पुसत होती. घास गिळून शैलेंद्र पाणी प्यायला आणि म्हणाला, ‘‘कॅस्मिर, मला एक विचारायचं होतं.’’

‘‘थांब, आधी मला बोलू दे,’’ वासंतीताई म्हणाल्या. ‘‘मी चालले, परत कधी भेटणार? शैलेंद्र, तुझं एक मला फार आवडलं. तू आमची लिफ्ट बंद केलीस, पण किती सभ्यपणे. कोणाला तोडून बोलला नाहीस. सरळ दोन दारांची गाडी आणलीस.’’

शैलेंद्रने हातातला घास ताटात ठेवला.

‘‘या दोघांना कळेचना,’’ ताई पुढे म्हणाल्या. ‘‘हा कॅस्मिर म्हणत होता, मागे बसू कसेबसे. मीच म्हटलं, अरे मूर्खांनो, त्या पोराला मोकळं सोडा. बायको नाही इथे, मुलगा नाही, रोज आपल्याला कुठवर वाहील? त्याला जगू दे की थोडं. मग एकेकाने कारण सांगून बाजूला व्हायचं, हे मीच ठरवलं. वर्षभर बस पकडली मी, गुडघे कसले बोलायचे. उन्हात त्या रांगेत उभी राहिले की मनाशी म्हणायचे, वासंती, तुझं स्वतःचं मूल नाही, पण एका पोरासाठी एवढं तरी केलंस. आणि नंतर कॅस्मिरच्या गाडीत तुला बोलवायचं म्हणाले सगळे, तर मीच नको म्हटलं. ‘नाही’ म्हणायला त्याला जड जाईल, म्हटलं.’’ त्यांनी शैलेंद्रच्या हातावर हात ठेवला. ‘‘बरोबर ओळखलं ना मी?’’

टेबलावर सगळे त्याच्याकडे बघत होते. ताईंचा चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांत त्या इतक्या खूश त्याने पाहिल्या नव्हत्या. उद्या त्यांचं विमान होतं.

‘‘हो, ताई,’’ शैलेंद्र म्हणाला. ‘‘कंटाळलोच होतो. सांगायचं कसं तेच कळत नव्हतं.’’

‘‘बघा,’’ ताई म्हणाल्या.

‘‘मग सुटलो,’’ कॅस्मिर म्हणाला. ‘‘ताईंची सीट तुला विचारावी की नाही, माझं ठरत नव्हतं. आमच्या हॉटेलातला नवा अकाउंटंट रोज मागे लागलाय. त्याला देतो. आणि तू काय विचारत होतास?’’

‘‘काही नाही,’’ शैलेंद्र म्हणाला. ‘‘टायर बदलायचेत. तुमचा गॅरेजवाला कोण, ते विचारत होतो.’’

कॅस्मिरने गॅरेजवाल्याचा नंबर दिला. शैलेंद्रने तो मोबाईलमध्ये नीट घालून घेतला.

‘‘आता कसं, मजेत ना एकटा?’’ वासंतीताईंनी विचारलं. ‘‘खरं सांग.’’

‘‘एकदम मजेत,’’ शैलेंद्र म्हणाला, आणि त्यांच्या वाटीत सोलकढी ओतली.